आयर्लंडची युरोपीय निवडणूक: १ ते २७ पसंतीक्रम आणि शेवटची जागा

७ जून २०२४ या शुक्रवारी आयर्लंडमध्ये युरोपीय संसदेसाठी मतदान झाले. मिडलंड्स-नॉर्थ-वेस्ट या मतदारसंघाच्या मतपत्रिकेवर २७ नावे होती. डब्लिन आणि आयर्लंड साउथमध्ये प्रत्येकी २३. खासदार निवडायचे होते एकूण १४: डब्लिनमधून ४, उरलेल्या दोन मतदारसंघांतून प्रत्येकी ५. युरोपीय संघातले जवळपास सगळे देश या निवडणुकीत पक्षांच्या याद्यांना मत देतात. पसंतीक्रमाने, म्हणजे १, २, ३ असे आकडे लिहून मतदान करणारे देश दोनच, आयर्लंड आणि माल्टा.

मराठी वाचकाला ही पद्धत अनोळखी नाही. राज्यसभा आणि विधान परिषदेच्या निवडणुकांच्या बातम्यांत आपण 'कोटा' (निवडून यायला लागणारी मते), 'पहिल्या पसंतीची मते', 'दुसऱ्या पसंतीवर विजय' हे शब्द वर्षानुवर्षे वाचतो. पण राज्यसभेला मतदार असतात आमदार, महाराष्ट्रात त्यांची संख्या तीनशेच्या आत, आणि कोणी कोणाला पहिली पसंती द्यायची हे पक्षाने आधीच ठरवून दिलेले. आयर्लंडमध्ये तेच यंत्र लाखो सामान्य मतदारांच्या हाती असते आणि सगळी मोजणी कागदावर, हाताने होते. म्हणून तिथे काही गोष्टी वेगळ्या घडतात आणि काही चुका मतदाराला महागात पडतात. डब्लिन, कॉर्क, गॉलवे इथल्या मराठी कुटुंबांत आयरिश नागरिकत्व घेतलेले अनेक जण आहेत. त्यांच्यासाठी आणि या पद्धतीबद्दल कुतूहल असणाऱ्या इकडच्या वाचकांसाठी हे सविस्तर लिहितो आहे.

आधी मतपत्रिका. नावे आडनावाच्या वर्णानुक्रमाने येतात, प्रत्येकापुढे फोटो आणि पक्षाचे चिन्ह, शेवटी एक चौकोन. आवडत्या उमेदवारापुढे १, त्यानंतरच्यापुढे २, मग ३, असे जिथवर जायचे तिथवर जायचे. फक्त १ लिहिला तरी मत वैध. २७ पर्यंत लिहिले तरी वैध. आपल्या पदवीधर मतदारसंघात निवडणूक कर्मचाऱ्याने दिलेला जांभळ्या शाईचाच पेन वापरावा लागतो आणि तो नाही वापरला तर मत बाद. आयर्लंडमध्ये इतकी कडक अट नाही. बूथमध्ये पेन्सिल बांधून ठेवलेली असते, स्वतःचे पेन वापरले तरी चालते.

मत बाद होण्याची कारणे मात्र ठरलेली आहेत. मतपत्रिकेवर अधिकृत ठसा नसणे हे एक. कर्मचारी कागद देताना ठसा उमटवतो, तो दिसतो का हे घडी घालण्याआधी पाहून घ्यावे, कारण ती चूक कर्मचाऱ्याची असली तरी मत आपले जाते. दोन उमेदवारांपुढे १ लिहिला, किंवा कागदावर सही, नाव असे ओळख पटवणारे काही लिहिले, तरी मत बाद. मधला आकडा गाळला, म्हणजे १, २ आणि मग थेट ४, तर मत २ पर्यंत चालते आणि तिथे थांबते. दोनदा २ लिहिला तर फक्त १ धरला जातो.

सर्वांत फसवी चूक वेगळीच आहे. आयर्लंडमध्ये युरोपीय आणि स्थानिक संस्थांच्या निवडणुका सहसा एकाच दिवशी होतात. २०२४ मध्ये लिमरिकच्या मतदारांना तर थेट महापौरपदाची तिसरी मतपत्रिकाही मिळाली. काही मतदार पहिल्या कागदावर १, २, ३ लिहितात आणि दुसऱ्या कागदावर ४, ५, ६ असे पुढे चालू ठेवतात. २०१४ मध्ये केरी परगण्यातल्या लिस्टोवेलमध्ये अशी मते स्थानिक निवडणुकीच्या मोजणीत धरली गेली. निकाल मोजक्या मतांनी लागला होता, पराभूत उमेदवार न्यायालयात गेला, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ज्या कागदावर १ नाही तो पहिल्या पसंतीचे मत ठरत नाही. फेरमोजणीचा आदेश निघाला. तेव्हा प्रत्येक कागद स्वतंत्र, प्रत्येकावर सुरुवात १ पासून.

लोक हमखास विचारतात की २, ३, ४ लिहिल्याने माझ्या पहिल्या पसंतीच्या उमेदवाराचे नुकसान होते का? होत नाही. तुमचा दुसरा पसंतीक्रम पाहिला जातो तो फक्त दोन वेळी: पहिला उमेदवार स्पर्धेतून बाद झाल्यावर, किंवा तो निवडून येऊन त्याच्याकडे कोट्यापेक्षा जास्त मते साठल्यावर. दोन्ही वेळी त्याला तुमच्या मताची गरज उरलेली नसते. उलट आकडे लिहिणे लवकर थांबवले तर तुमचा कागद मोजणीच्या मध्येच गठ्ठ्यातून बाहेर पडतो आणि शेवटच्या जागेचा निर्णय तुमच्याशिवाय होतो. माझे मत ठाम आहे: जो उमेदवार मुळीच नको तो सोडून बाकी सगळ्यांपुढे आकडे लिहावेत. नको असलेल्यांतही कमी नकोसा कोण हे ठरवता येत असेल तर तेही लिहावे.

आता मोजणी. कोट्याचे सूत्र आपल्याकडच्यासारखेच: वैध मते भागिले जागा अधिक एक, अपूर्णांक सोडायचा आणि १ मिळवायचा. समजा पाच जागांच्या मतदारसंघात ६,००,००० वैध मते पडली. सहाने भागून १,००,०००, अधिक १, म्हणजे कोटा १,००,००१. एवढी मते एकाच वेळी सहा जणांना मिळूच शकत नाहीत, हा या सूत्राचा पाया. २०२४ मध्ये पाच जागांच्या दोन्ही मतदारसंघांत कोटा १ लाख १३ ते १५ हजारांच्या दरम्यान होता. आयर्लंड साउथमध्ये शॉन केली पहिल्याच फेरीत तो पार करून निवडून आले. मिडलंड्स-नॉर्थ-वेस्टमध्ये पहिल्या फेरीत कोणीच कोट्याजवळही पोचले नाही.

पेट्या शनिवारी सकाळी उघडल्या. युरोपीय आणि स्थानिक कागद वेगळे केले. युरोपीय मोजणी रविवारी सुरू झाली, पण रात्री दहापर्यंत निकाल जाहीर करायला बंदी होती, कारण युरोपीय संघातल्या काही देशांत तोवर मतदान चालू होते. निकाल रोखून धरला तरी आकडे मात्र आधीच फुटतात, आणि हा आयरिश मोजणीचा सर्वांत देखणा भाग आहे. पेटी टेबलावर रिकामी केली की कर्मचारी एकेक कागद उलगडून, लिहिलेली बाजू वर करून ठेवतात. कठड्याच्या पलीकडे सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते कागद-पेन्सिल घेऊन वाकून उभे असतात. कागद उलगडताना १ कोणापुढे आहे ते बघायचे आणि आपल्या तक्त्यावर उमेदवाराच्या नावापुढे एक रेघ ओढायची. यांना टॅलीमेन म्हणतात. एरवी एकमेकांशी भांडणारे पक्ष इथे एकमेकांचे तक्ते जोडून बेरीज करतात, कारण एका पक्षाची माणसे सगळ्या टेबलांना पुरत नाहीत. प्रत्येक पेटी कुठल्या शाळेची, कुठल्या गावाची हे माहीत असल्याने कोणाला कुठे किती पाठिंबा याचा नकाशा दुपारपर्यंत तयार होतो. या अनधिकृत आकड्यांवर रेडिओवर दिवसभर चर्चा चालते, आणि अनुभवी टॅली अधिकृत निकालाच्या अगदी जवळ जाते.

मग येतो अतिरिक्त मतांचा प्रश्न, आणि इथे आयर्लंड व भारत यांच्या वाटा फुटतात. वरचेच उदाहरण पुढे नेऊ. एका उमेदवाराला १,१२,००१ मते मिळाली. कोटा १,००,००१. अतिरिक्त १२,०००. त्याचे सगळे कागद दुसऱ्या पसंतीप्रमाणे लावले. १२,००१ कागदांवर पुढचा आकडाच नाही, ते बाजूला. उरलेल्या १,००,००० पैकी ५०,००० वर दुसरी पसंती 'ब'ला, ३०,००० वर 'क'ला, २०,००० वर 'ड'ला. त्याच प्रमाणात १२,००० वाटायचे: 'ब'ला ६,०००, 'क'ला ३,६००, 'ड'ला २,४००.

राज्यसभेच्या मोजणीत असे असते तर आपण 'ब'च्या नावाचे सगळे ५०,००० कागद पुढे सरकवले असते, पण प्रत्येकाचे मूल्य कमी करून. म्हणूनच आपल्याकडे प्रत्येक मताचे मूल्य १०० धरतात, इथे ते १२ झाले असते. आयर्लंडमध्ये मूल्य कमी होत नाही, कागद कमी होतात. 'ब'च्या ५०,००० कागदांच्या गठ्ठ्यातून वरचे ६,००० कागद काढतात आणि ते पूर्ण मूल्याने 'ब'कडे जातात. उरलेले ४४,००० विजेत्याकडेच राहतात आणि पुन्हा कधी हलत नाहीत. 'ब' पुढे बाद झाला तर तिसरी पसंती पाहिली जाईल ती त्या ६,००० कागदांवरची. ते कागद कोणते हा योगायोग. म्हणूनच पहिल्या फेरीआधी सगळ्या पेट्यांतले कागद नीट मिसळणे हा नियमाचा भाग आहे. न मिसळता एका परगण्याचे कागद वर राहिले तर तिसऱ्या पसंतीवर त्या परगण्याचा जास्त प्रभाव पडेल.

लाखो कागदांच्या मतदारसंघात या योगायोगाने फारसा फरक पडत नाही हे खरे. तरी निकाल काही शे मतांवर आला की हाच मुद्दा बोचतो. मला विचाराल तर मूल्य कमी करण्याची भारतीय रीत जास्त न्याय्य आहे. आयर्लंडच्या वरिष्ठ सभागृहाच्या, म्हणजे शॅनडच्या बहुतेक जागांच्या निवडणुकीत तीच वापरतात, पण तिथे मतदार थोडे. हाताने मोजताना लाखो कागदांवर अपूर्णांक सांभाळणे अवघड, म्हणून युरोपीय निवडणुकीत जुनी रीत चालू आहे.

उमेदवार पहिल्या फेरीत न येता नंतरच्या एखाद्या फेरीत कोटा ओलांडत असेल तर नियम आणखी आखडतो. त्याचे सगळे कागद पुन्हा पाहत नाहीत. ज्या गठ्ठ्याने तो कोट्यापलीकडे गेला, तेवढा शेवटचा गठ्ठाच तपासतात. म्हणजे अतिरिक्त मते कुठे जाणार हे ठरवतात ते त्याला शेवटी मिळालेले मतदार, त्याचे मूळचे समर्थक नव्हेत. टीव्हीवर एखाद्या उमेदवाराची अतिरिक्त मते भलत्याच पक्षाकडे गेलेली दिसली तर कारण बहुधा हे असते.

अतिरिक्त मते वाटून झाली की सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद. त्याचे सर्व कागद पुढच्या पसंतीकडे. पुढची पसंती आधीच निवडून आलेल्याला किंवा बाद झालेल्याला असेल तर ती ओलांडून त्यापुढची पाहतात. तळाच्या उमेदवारांची मते एकत्र करूनही वरच्याला गाठता येत नसेल तर त्यांना एकदम बाद करता येते, पण त्यातला कोणी कोट्याच्या एक चतुर्थांशापर्यंत पोचू शकत असेल तर थांबावे लागते. या चतुर्थांशाला महत्त्व आहे, कारण तेवढी मते मिळाली तरच अनामत परत मिळते. पक्षाचे अधिकृत प्रमाणपत्र नसलेल्या उमेदवाराला उभे राहायला मतदारसंघातल्या ६० मतदारांचे अनुमोदन लागते, किंवा १,८०० युरो अनामत.

फेऱ्या चालू राहतात तसे एक-एक करून कागद संपत जातात, पण कोटा मात्र तोच राहतो. परिणामी शेवटच्या जागा पुष्कळदा कोटा न गाठताच लागतात: उरलेले उमेदवार आणि उरलेल्या जागा सारख्या झाल्या की उरलेले सगळे निवडून आल्याचे जाहीर होते. मिडलंड्स-नॉर्थ-वेस्टमध्ये डोनेगलपासून किल्डेअरपर्यंत १५ परगणी आहेत. तिथली मोजणी मेयोमधल्या कॅसलबारमध्ये झाली आणि पुढच्या आठवड्यात कितीतरी दिवस चालली.

'पेपर कशाला, ईव्हीएम का नाही?' हा आपल्याकडच्या वाचकाचा साहजिक प्रश्न. आयर्लंडने प्रयत्न केला होता. २००२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत तीन मतदारसंघांत यंत्रे वापरली, मग देशभरासाठी सुमारे साडेसात हजार यंत्रे घेतली. पडताळणीसाठी कागदी पुरावा नव्हता, आणि २००४ मध्ये स्वतंत्र आयोगाने त्यांच्या वापराची शिफारस केली नाही. यंत्रे गोदामात पडून राहिली, २००९ मध्ये योजना रद्द झाली आणि २०१२ मध्ये यंत्रे भंगारात गेली. एकूण खर्च झाला सुमारे ५ कोटी ४० लाख युरो. त्यानंतर कोणत्याही सरकारने हा विषय गांभीर्याने पुन्हा काढलेला नाही.

पक्षांचे डावपेच या पद्धतीत वेगळे असतात. किती उमेदवार उभे करायचे हाच मुख्य निर्णय. पाच जागांसाठी तीन उभे केले आणि मते तिघांत विखुरली तर तिघेही तळात राहून लवकर बाद होण्याचा धोका. त्यात बाद उमेदवाराची मते पक्षातच राहतील याची खात्री नाही: आयरिश मतदार पक्षापेक्षा जवळच्या गावचा माणूस बघतो, त्यामुळे प्रत्येक हस्तांतरात थोडी गळती ठरलेली. २०२४ मध्ये मिडलंड्स-नॉर्थ-वेस्टमध्ये फिने गेल या पक्षाच्या नीना कार्बेरी आणि मारिया वॉल्श दोघी आल्या. सिन फेननेही तिथे दोघांना उभे केले, एकही आला नाही. फियाना फॉलच्या तिघांपैकी बॅरी कॉवेन आले. पक्ष परगणी वाटून घेतात: या भागात अमुक उमेदवाराला १ आणि दुसऱ्याला २ द्या, त्या भागात उलट. राज्यसभेला आमदारांची पहिली पसंती वाटून देतात तोच हा प्रकार, फक्त इथे पत्रके घरोघरी जातात आणि मतदार ऐकेलच असे नाही. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रात सहाव्या जागेसाठी पहिल्या पसंतीची ३३ मते असलेला उमेदवार हरला आणि २७ मतांचा जिंकला, तो सहकाऱ्यांच्या अतिरिक्त मतांच्या बळावर. आयर्लंडमध्ये असा उलटफेर दर निवडणुकीत कुठे ना कुठे दिसतो.

शेवटची जागा किती नाजूक असते हे २०१९ मध्ये कळले. आयर्लंड साउथमध्ये ग्रीन पक्षाच्या ग्रेस ओ'सलिव्हन आणि सिन फेनच्या लिआ नी रिआडा यांच्यात सव्वातीनशेच्या आसपास मतांचे अंतर उरले. पूर्ण फेरमोजणी मागितली गेली, म्हणजे सात लाखांहून जास्त कागद पहिल्यापासून. त्याला चार आठवडे लागतील असा अंदाज होता. काही दिवसांनी नी रिआडा यांनी मागणी मागे घेतली. त्या वर्षी आणखी एक गुंता होता. ब्रिटन बाहेर पडल्यावर आयर्लंडला मिळायच्या दोन वाढीव जागा, ब्रिटन अजून युरोपीय संघात असल्याने, रिकाम्या झाल्याच नव्हत्या. डब्लिन आणि साउथमध्ये सर्वांत शेवटी निवडून आलेल्या दोघांना, बॅरी अँड्र्यूज आणि डिअर्ड्रे क्लून यांना, १ फेब्रुवारी २०२० पर्यंत थांबावे लागले. म्हणजे शेवटून दुसरा की शेवटचा एवढ्यावरच लगेच संसदेत जाणार की घरी बसणार हे ठरले.

मधेच जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक होत नाही. पक्ष आणि अपक्ष उमेदवार बदली नावांची यादी उमेदवारीच्या वेळीच देतात. २०२० मध्ये मेरेड मॅगिनेस युरोपीय आयुक्त झाल्या तेव्हा त्यांच्या जागी यादीतून कॉम मार्की आले. मत देताना ही यादी बघण्याची तसदी फार थोडे जण घेतात, ती घेण्यासारखी आहे.

आता मतदानाचा हक्क. आयरिश नागरिक आणि आयर्लंडमध्ये राहणारे युरोपीय संघाचे नागरिक युरोपीय निवडणुकीत मत देतात. ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश नागरिकांना हा हक्क नाही, पण दाल, म्हणजे तिथल्या लोकसभेसाठी आणि स्थानिक निवडणुकीसाठी आहे. भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्यांना युरोपीय मत नाही, मात्र स्थानिक निवडणुकीचे मत आहे, आणि तेही याच पसंतीक्रमाने. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही, मतदारयादीत नाव आणि १८ वर्षे वय पुरते. यादीत अशा मतदाराच्या नावापुढे 'एल' हे अक्षर असते, आयरिश नसलेल्या युरोपीय नागरिकापुढे 'ई', ब्रिटिशापुढे 'डी'. केंद्रावरचा कर्मचारी हे अक्षर पाहूनच कोणते कागद द्यायचे ते ठरवतो.

नागरिकत्वाचा समारंभ झाला, पासपोर्ट आला, पण मतदारयादीत 'एल' तसाच राहिला, हे नव्या नागरिकांच्या बाबतीत घडू शकते. मतदानाच्या दिवशी केंद्रावर ते बदलता येत नाही आणि युरोपीय मतपत्रिका मिळत नाही. नोंद चेकदरजिस्टर या सरकारी संकेतस्थळावर पीपीएस क्रमांक (सरकारी ओळख क्रमांक), जन्मतारीख आणि एअरकोड (टपाल कोड) टाकून तपासता येते, राष्ट्रीयत्वही तिथेच बदलता येते. पत्ता बदलला तर तोही तिथेच, कारण मतदारसंघ बदललेला असू शकतो: २०२४ च्या आधी लीश आणि ऑफली हे परगणे साउथमधून मिडलंड्स-नॉर्थ-वेस्टमध्ये गेले. मुदत मतदानाच्या सुमारे अडीच आठवडे आधी संपते, २०२४ मध्ये ती २० मे होती. घरी येणारे पोलिंग कार्ड हे ओळखपत्र नव्हे, म्हणून सोबत पासपोर्ट किंवा लायसन्स ठेवावे. ते कार्ड आले नाही तरी यादीत नाव असेल तर मत देता येते.

आयरिश नागरिक परदेशी राहायला गेला तर सहसा आयर्लंडमधून त्याला मत देता येत नाही, टपाली मतदान सैनिक आणि राजनैतिक अधिकाऱ्यांसारख्या मोजक्या गटांपुरतेच. पण तो जर्मनी किंवा नेदरलँड्समध्ये राहत असेल तर तिथल्या यादीत नाव नोंदवून त्या देशाच्या उमेदवारांना मत देऊ शकतो. दोन देशांत मत देणे गुन्हा आहे. पुढचे मतदान २०२९ मध्ये आहे, आणि यादी आता वर्षभर चालू असते, त्यामुळे 'एल' बदलायला निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.